अर्थाचा अनर्थ : जुन्या स्पोर्ट्‌स गाडीतील विजेची परतवाट

मोटारीच्या गॅरेजात ‘अर्थ’ हा शब्द दिवसातून जितक्या वेळा कानी पडतो, तितका तो अर्थशास्त्राच्या वर्गातही पडत नसेल. ‘अर्थ गेलाय’, ‘अर्थ नीट पकडत नाही’, ‘बॉडीचा अर्थ घे रे’ असा सारा दिवस चालतो. शब्द अर्थातच आपला संस्कृत नव्हे. इंग्रजीतली पृथ्वी ती ही. परंतु कानाला तो इतका ओळखीचा वाटतो की त्याच्या मागे काय आहे हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आणि जे विचारले जात नाही ते दुरुस्तही होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या एका परिचितांपाशी ब्रिटिश बनावटीची, दोन आसनांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स गाडी आहे. तिला त्यांनी पदरचे पुष्कळ पैसे घालून नवे रूप दिले. पत्रा ठोकून सरळ केला, गंज काढला, आतून-बाहेरून रंग दिला. गाडी अशी दिसू लागली की द्वारकेच्या चौकात लाल दिव्यापाशी उभी राहिली म्हणजे रिक्षावाले मान वळवून पाहात. परंतु रूप आले आणि प्रकृती गेली. सेल्फ मारला की इंजिन कण्हत कण्हत फिरे. दिवे पिवळे पडत. चोकची केबल दोनदा आतल्या आत चिकटून बसली म्हणून दोनदा बदलावी लागली. गृहस्थांनी नवी बॅटरी घेतली, डायनामो पुन्हा गुंडाळून घेतला, सेल्फची मोटर उघडून नवे ब्रश घातले. दुखणे जागच्या जागी.

यथावकाश एका पावसाळी रात्री सिन्नरहून परत येताना मोहदरी घाटाच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि मागून येणारा मालट्रक अगदी पाठीशी येऊन कर्कश हॉर्न देत कसाबसा थांबला. ट्रकचालक उतरून आला तो संतापलेला. तो म्हणाला, “साहेब, ब्रेक दाबला तेव्हा तुमचा मागचा लाल दिवा वाढायच्या ऐवजी विझला. मला वाटलं, गाडी पुढं निघून गेली.” शेजारी त्यांची मुलगी बसली होती. त्या रात्री घरी आल्यावर, ही गाडी विकून टाकावी असे त्यांनी ठरवले. विकण्यापूर्वी एकदा पाहू म्हणून ती द्वारकेच्या बाजूला एका गॅरेजात आणली गेली, आणि विजेच्या जुन्या नादापायी आम्हीही तेथे जाऊन बसलो. त्या दिवशी जे पाहिले व मापले तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम परतवाटेची कल्पना नीट करून घेऊ. विजेला जाण्यासाठी जसा मार्ग लागतो तसाच परत येण्यासाठीही लागतो. वर्तुळ पुरे झाल्याखेरीज ती हलतच नाही. घरात आपण दोन तारा ओढतो. मोटारीत मात्र दिव्याकडे जाणारी तार एकच असते, आणि परतीचे काम गाडीच्या लोखंडी अंगाकडे सोपवलेले असते. बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने त्या अंगाला बांधतात, दिव्याचे बूडही त्याच अंगाला टेकते, आणि मधला सारा पत्रा हीच दुसरी तार. मुंबईच्या लोकल गाड्यांची व्यवस्था याच धर्तीची आहे. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची गाडी सुरू झाली तेव्हापासून वीज डोक्यावरच्या तारेतून येते आणि चाकांवाटे रुळांत उतरून परत जाते.

मग याला पृथ्वी का म्हणतात? गाडी तर रबरी टायरांवर उभी असते. हे नाव तारायंत्राकडून वारशाने आले. १८३८ साली जर्मनीत स्टाइनहाइल याने दाखवून दिले की तारायंत्राला परतीची तार ओढण्याची गरज नाही. दोन्ही टोके जमिनीत पुरली की परतीचे काम जमीन करते. आपल्याकडे डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले, तेव्हा त्यांनी हुगळी नदीच्या पाण्यालाच परिपथाचा एक भाग केले होते. पुढे ज्या ज्या सामाईक परतवाटेने तारेचा खर्च वाचला तिला ‘अर्थ’ म्हणण्याचा प्रघात पडला. मोटारीतला अर्थ म्हणजे जमीन नव्हे, गाडीचे अंग. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता ही परतवाट पुरती तुटली तर दिवा लागतच नाही, आणि दोष लवकर सापडतो. खरा घोळ होतो तो वाट अर्धवट बुजली म्हणजे. पुण्याला जाणाऱ्या गाड्या द्वारकेवरून सुरळीत सुटत आहेत, पण परतीची बाजू एखाद्या खणलेल्या रस्त्यापाशी तुंबली आहे अशी कल्पना करा. थोड्याच वेळात नाशिकच्या स्थानकात सोडायला गाडी उरणार नाही, आणि प्रवासी मात्र स्थानकप्रमुखाला बोल लावतील. मोटारीच्या विजेत नेमके हेच होते. अडचण परतीत असते आणि दोष बॅटरीच्या, डायनामोच्या नाहीतर सेल्फच्या माथी येतो.

ही अडचण किती लहान असते ते पाहण्यासारखे आहे. सेल्फची मोटर दीडशे-दोनशे अँपिअर प्रवाह ओढते. परतीच्या पट्टीच्या जोडात एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच रोध शिरला, तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. बारांतले दोन गेले! उलट पाच अँपिअरच्या दिव्याला तोच रोध जाणवणारही नाही. म्हणून ‘दिवे तर चांगले लागतात, मग अर्थ कसा वाईट असेल?’ हा गॅरेजातला नेहमीचा युक्तिवाद फसवा आहे. जोड एका कामाला चांगला आणि दुसऱ्याला निकामी असू शकतो. दिव्यांचे गणित वेगळ्या रीतीने कडक आहे. दाब दहा टक्क्यांनी घटला तर प्रकाश दहा टक्क्यांनी घटत नाही, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. बाराऐवजी पावणेअकरा व्होल्ट मिळणारा हेडलाईट डोळ्याला पिवळा आणि आजारी दिसतो तो यामुळेच.

(येथे एक अपवाद सांगून ठेवतो. जुन्या डायनामोच्या गाड्या संथ इंजिनावर बॅटरीला काहीच देत नाहीत. संध्याकाळी द्वारकेच्या कोंडीत दहा मिनिटे उभे राहिल्यावर दिवे मंदावले आणि गाडी वेगात येताच उजळले, तर तो अर्थाचा दोष नव्हे. त्या काळच्या डायनामोचा स्वभाव आहे.)

ब्रेकचा दिवा विझण्याची गोष्ट प्रथम ऐकताना भुताटकीसारखी वाटते, परंतु ती समजावून घेतली तर अर्थाचे सारे चमत्कार उलगडतात. मागच्या दिव्याच्या एकाच बल्बात दोन तंतू असतात : पाच वॅटचा रात्रभर जळणारा, आणि एकवीस वॅटचा ब्रेक दाबल्यावर पेटणारा. दोघांचे बूड एकच, म्हणजे परतवाटही एकच. ती अर्धवट बुजलेली असली तर पाच वॅटचा तंतू आपला अल्प प्रवाह त्यातून कसाबसा परत पाठवतो आणि बरा जळतो. ब्रेक दाबताच एकवीस वॅटचा मोठा प्रवाह त्याच चिंचोळ्या वाटेत घुसतो, बुडाशीच दाब चढून बसतो, आणि दोन्ही तंतूंच्या वाट्याला फारच थोडे उरते. मोठा नीट पेटत नाही आणि लहान होता तोही मावळतो. ट्रकवाल्याने पाहिले ते खरेच होते.

परतवाट अगदीच तुटली तर याहून मौज होते. दिवसा, दिवे बंद असताना ब्रेक दाबला, तर वीज मोठ्या तंतूतून बुडाशी येते, तेथून बाहेर पडायला वाट नाही म्हणून लहान तंतूतून उलटी चढते, मागच्या दिव्यांच्या तारेने पुढे धावते आणि पुढच्या छोट्या दिव्यांच्या चांगल्या अर्थातून घरी पोचते. परिणाम असा की पाय ब्रेकवर आणि मिणमिणतात पुढचे दिवे! वळणाचा दिवा लुकलुकताना मागचा लाल दिवाही त्याच तालावर लुकलुकणे, हेडलाईट लावताच पाण्याच्या तापमापकाचा काटा जागचा हलणे, हॉर्न वाजवताना वायपर दमणे, ही सर्व याच घराण्यातली लक्षणे. दोन निरनिराळ्या वस्तू एकमेकींच्या कामात लुडबूड करू लागल्या की त्यांची परतवाट एक आहे आणि ती बिघडली आहे असे समजून शोधाला लागावे. पेट्रोलचा काटा खोटे बोलू लागला तर टाकीतील तरंगत्या यंत्राचा अर्थ आधी पाहावा. काटा रिकाम्याकडे चुकेल की भरल्याकडे हे त्या यंत्राच्या जातीवर अवलंबून असते.

आता चोकच्या केबलचे पाहा. गृहस्थांनी ती गोष्ट आम्हाला आपण होऊन सांगितलीही नव्हती; तिचा विजेशी काय संबंध, असे त्यांना वाटले. ती ओळखली मिस्त्रींनी. जुनी केबल अजून डिकीत पडली होती. तिचे आवरण हातात फिरवून ते म्हणाले, “ही घासून नाही गेली साहेब, ही भाजलीये.” इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसवलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते गाडीच्या अंगापासून तुटलेले असते. त्या दोघांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, आणि सेल्फचा सारा प्रवाह तीमधून परत जातो. ती पट्टी कामातून गेली तर प्रवाह दुसरी कोणतीही धातूची वाट शोधतो : चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. बिचाऱ्या केबली या ओझ्यासाठी घडवलेल्या नसतात. त्या तापतात, भाजतात, आतल्या आत चिकटतात. ॲक्सिलरेटरची केबल उघड्या स्थितीत चिकटली तर काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी.

निदान असे जवळपास झाले होते, पण मापल्यावाचून बोल्टला हात लावायचा नाही असे आम्ही ठरवले. येथे मापन कशाचे करावे हाच कळीचा मुद्दा आहे. बहुतेक जण मीटर ओहमवर ठेवतात, एक टोक इंजिनाला व दुसरे बॅटरीला लावतात, काटा शून्याशी आला की ‘अर्थ ठीक’ म्हणून मोकळे होतात. परंतु ज्या मीटरच्या स्वतःच्या तारांतच काही दशांश ओहम आहेत त्याला शंभरावा भाग दिसायचा कसा? शिवाय शेकडो बारीक धाग्यांपैकी चारच उरलेली पट्टीसुद्धा मीटरच्या नाममात्र प्रवाहाला खुशाल वाट देते. म्हणून रोध मापू नये. काम चालू असताना परतवाटेत किती व्होल्ट हरवतात ते मापावे. जोड चांगला असेल तर त्याच्या दोन बाजूंना जवळजवळ काहीच दाब दिसणार नाही. दिसला, तर तितका दाब तेथे वाया जात आहे.

कॉइलची बारीक तार काढून ठेवली, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थाकडील शिशाच्या खुंटीवरच टेकवले; पकडीवर नव्हे, कारण खुंटी व पकड यांच्यामधला पांढरा थर हाही एक नेहमीचा चोर आहे. दुसरे टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरले. गृहस्थांनी सेल्फ मारला. मीटरने दोन पूर्णांक सहा दशांश व्होल्ट दाखवले. अर्धा व्होल्टसुद्धा पुष्कळ म्हणायचा, तेथे हे! मग दुसरे टोक इंजिनावरून उचलून फाउंडेशनच्या पलीकडे गाडीच्या अंगावर धरले आणि पुन्हा सेल्फ मारला. एक दशांश. म्हणजे बॅटरीपासून अंगापर्यंतची वाट स्वच्छ, आणि अंगापासून इंजिनापर्यंतच्या वीतभर अंतरात अडीच व्होल्ट गडप. चोर या दोन ठिकाणांच्या मध्येच असला पाहिजे. तिसरी जागा त्याला उरली नाही. पडताळा म्हणून मिस्त्रींनी जंपरची एक जाड केबल बॅटरीच्या त्याच खुंटीपासून थेट इंजिनावर लावली. ज्या सेल्फसाठी नवी मोटर घेण्याची बोलणी चालली होती, तो असा फिरला की गृहस्थ पाहातच राहिले.

मागच्या दिव्यांनाही हीच रीत लावली. एक टोक बॅटरीच्या खुंटीवर, दुसरे दिव्याच्या बुडावर. नुसता दिवा लावल्यावर दीड व्होल्ट. ब्रेक दाबताच साडेपाच. बारांतून साडेपाच परतीतच गेल्यावर उरलेल्या साडेसहांत तंतू नुसता लाल होणार. प्रकाश सातव्या-आठव्या हिश्श्यावर आला तर नवल नाही.

जोड उघडल्यावर दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट निघाली : रंग. इंजिनाची पट्टी जुनी, काळवंडलेली होती, आणि तिचे अंगाकडील टोक ताज्या रंगाच्या थरावर घट्ट आवळून बसवले होते. मागच्या दिव्यांचे बोल्टही चकचकीत रंगलेल्या पत्र्यातून आरपार गेले होते. वीज जात होती ती बोल्टच्या आट्यांनी ओरखडलेल्या दोन-चार रेघांतून. रंगाऱ्याने आपले काम उत्तम केले होते. पण रंग विजेला अडवतो, आणि अर्थाच्या जागी नागडे लोखंड ठेवायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. नव्याने सजवलेल्या जुन्या गाड्या जुनाट गाड्यांहून अधिक रुसतात त्याचे कारण बहुधा हेच असते.

ही पत्र्याच्या गाडीची गोष्ट झाली. जिला पत्राच नाही तिचे काय? आपल्या शेजारी गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ साली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची उघडी गाडी बाजारात आणली होती. इंजिन रेनॉ कंपनीचे, ११४९ घनसेंटिमीटरचे, आणि अंगावर पत्र्याऐवजी फायबरग्लासचे कवच. ती आता तयार होत नाही. ज्यांनी हौसेने सांभाळल्या त्यांच्याकडे आहेत. अमेरिकेच्या कॉर्व्हेटचे अंगही १९५३ पासून फायबरग्लासचेच. फायबरग्लास गंजत नाही हा त्याचा गुण, पण विजेलाही त्यातून वाट नाही. अशा गाडीत प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र तार लागते, आणि अशा पुष्कळ तारा एखाद्या ठिकाणी एकत्र येऊन सांगाड्याला बांधलेल्या असतात. त्यामुळे ‘बॉडीचा अर्थ घे’ ही मिस्त्रींची सवय तेथे निरुपयोगी. दिव्याच्या शेजारी स्क्रू पिळून तार बांधली तर ती प्लास्टिकलाच बांधली! उलट एक सोयही आहे. चार-पाच वस्तू एकदम बिघडल्या, तर त्यांच्या परतीच्या तारा जेथे एकत्र येतात तो एकच जोड पाहावा. समुद्राच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीत तो हिरवट झालेला सापडण्याचा संभव पुष्कळ.

ब्रिटिश गाड्यांबद्दल आणखी एक इशारा देणे जरूर आहे. त्यांपैकी कित्येकींत बॅटरीचे धन टोक अंगाला बांधलेले असते. एम. जी. कंपनीची एमजीबी १९६२ साली निघाली ती अशीच होती. १९६७ च्या अखेरीस तिच्यात ऋण टोक अंगाला बांधू लागले. मापनाची रीत दोहोंत तीच, फक्त काटा उलटा फिरतो. पण अशा गाडीत आजचा रेडिओ किंवा मोबाईल भरण्याचे यंत्र विचार न करता जोडले तर ते जळते, आणि बॅटरी उलटी बांधली तर आणखीही बरेच काही. पूर्वीच्या मालकाने गाडी मध्येच ऋण अर्थाची करून घेतली असणेही शक्य असते. म्हणून काम आरंभण्यापूर्वी कोणते टोक अंगाला गेले आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. गाडीचे साल पाहून अंदाज करू नये. आणि टोक कोणतेही असो, बॅटरी सोडवताना अर्थाची पकड प्रथम काढावी व बसवताना शेवटी बसवावी. पाना चुकून पत्र्याला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही. बॅटरीपाशी साचणारा वायू पेट घेणारा असतो, यास्तव हा नियम मोडू नये.

दुरुस्ती सांगायला फार नाही. बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने पत्रा पट्टीच्या टोकाएवढा चकाकेपर्यंत घासायचा, पट्टीचे टोकही तसेच करायचे, मध्ये दातेरी वायसर घालून आवळायचे. मग वरून, आवळून झाल्यानंतर, व्हॅसलिन किंवा ग्रीस चोपडायचे म्हणजे पावसाचे पाणी शिरत नाही. व्हॅसलिनने वीज चांगली वाहते असा एक समज आहे. तो खरा नाही. त्याचे काम पाण्याला अडवण्याचे. जागोजाग नव्या अर्थाच्या तारा ओढून देण्याचीही काही मिस्त्रींना खोड असते. आमच्या मते जुना जोड साफ करणे शक्य असताना नवी तार टाकणे म्हणजे पुढच्या माणसासाठी कोडे रचून ठेवणे होय.

त्या गाडीची इंजिनाची पट्टी नवी विणलेली घातली आणि मागच्या दोन्ही दिव्यांच्या बोल्टांखालचा रंग खरवडला. खर्च इतका किरकोळ आला की गृहस्थ थोडे ओशाळले. पुन्हा मापले : सेल्फ फिरताना इंजिनापाशी दोन दशांश व्होल्ट, ब्रेक दाबल्यावर दिव्यापाशी एक दशांशाच्याही आत. त्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर आम्ही पुणे रस्त्याने थोडे पुढे गेलो. मिस्त्री मागून मोटारसायकलवर होते, आणि प्रत्येक वेळी ब्रेक लागला की हात वर करून खूण करीत होते. गाडी विकण्याचे रहित झाले. दिवाळीत पुन्हा मीटर लावला तेव्हा मागच्या उजव्या दिव्यापाशी तीन दशांश दिसले. पावसाळ्याने वायसरखाली शिरकाव केला होता. मुलीनेच बोल्ट काढून तो जोड पुन्हा घासला.